लॉन खातं कोण?

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीची तातडीची मीटिंग भरली. पाणी नाही, पार्किंग नाही, लिफ्ट नाही. विषय होता लॉन.

बिल्डिंगच्या मागे साधारण तीस फूट बाय वीस फुटांचा एक तुकडा आहे. त्याआधीच्या दिवाळीत वर्गणी काढून आम्ही तिथे लॉन लावलं होतं. नर्सरीवाल्याने "एकदम कार्पेट होईल साहेब" असं सांगून बारीक पात्याच्या गवताचे चौकोनी तुकडे आणून दिले. जानेवारीपर्यंत खरंच कार्पेट होतं. सगळ्यांनी तिथे फोटो काढले. मार्चमध्ये ते पिवळं पडायला लागलं आणि मे उजाडेपर्यंत तिथे घरात पायपुसण्याला वापरतात तसला काथ्याचा तुकडा पसरल्यासारखं दिसायला लागलं.

मीटिंगमध्ये खापर माळीकाकांवर फुटलं. ते म्हणत होते, "साहेब, उन्हातलं गवत मेलेलं नाही, झोपलंय. पाऊस पडू द्या." पण ऐकायला कोणाला वेळ होता? रोज पाणी मारतात ना? मग वाळलं कसं? नीट काम करत नसणार. त्यांचं काम थांबवायचं ठरलं. हात वर करणाऱ्यांमध्ये मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

जून उजाडला. दोन मोठे पाऊस झाले आणि आठ दिवसांत उन्हाच्या बाजूचा सगळा पट्टा हिरवागार! म्हणजे झोपलेलंच होतं. इमारतीच्या सावलीतला पट्टा मात्र खरोखरच मेला होता. आणखी गंमत म्हणजे उन्हाच्या बाजूला सगळ्यात जोमाने जे उगवलं ते आम्ही विकत आणलेलं गवत नव्हतंच. ती कडेने आपोआप शिरलेली हरळी होती.

आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये सिस्टिम बंद पडली की आधी दोषी माणूस शोधायचा नसतो, आधी मूळ कारण शोधायचं असतं. निदान ट्रेनिंगमध्ये तरी असं शिकवतात. मी नेमकं उलटं केलं होतं. ते टोचत होतं, म्हणून पुढचे काही वीकएंड 'लॉन का मरतं' या विषयावर वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की लॉनच्या बाबतीत आपण ज्या चुका करतो, त्यातल्या बहुतेक मुळात चुका नव्हत्याच. एका वेगळ्या देशात, वेगळ्या पावसात त्या बरोबरच होत्या. आपण त्या तशाच्या तशा कॉपी-पेस्ट केल्या. आता हा कोड मुळात कोणी आणि कुठे लिहिला, ते बघू.

सुरुवात अर्थातच युरोपात. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यासमोर आंद्रे ल नोत्र याने जी प्रचंड बाग आखली, तिच्यातल्या एका लांबलचक हिरवळीच्या पट्ट्याचं नावच मुळी 'हिरवा गालिचा' असं आहे. म्हणजे आमच्या नर्सरीवाल्याचं 'कार्पेट' तीनशे वर्षं जुनं निघालं. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लॅन्सलॉट ब्राउन (जन्म १७१६, मृत्यू १७८३) या बागकाराने सरदारांच्या हवेल्यांभोवतीच्या आखीव बागा मोडल्या आणि दारापर्यंत येणारी हिरवळ पसरली.

यात हौस होती, पण मुख्य गोष्ट होती मिरवणं. इतकी जमीन आहे आणि तिच्यात आम्ही काहीही पिकवत नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे. गवत कापायला विळे चालवणारी माणसं लागायची, नाहीतर मेंढ्या सोडायच्या. दोन्ही गोष्टी ऐपतवाल्यांनाच परवडायच्या.

मग १८३० साल आलं. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावात कापडगिरण्या होत्या. लोकरीच्या कापडावर उभे राहिलेले तंतू एकसारखे कापायला तिथे गोल फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र वापरायचे. एडविन बडिंग नावाच्या तिथल्या कारागिराला वाटलं, हेच यंत्र जमिनीवर का चालवू नये? त्याने लॉनमोवरचं पेटंट घेतलं. आपण आज गवत चादरीसारखं सपाट हवं म्हणून हट्ट धरतो, त्या सपाटपणाचं यंत्र खरोखरच कापडाच्या कारखान्यातून आलंय. आता मेंढ्या नकोत, विळेवाले नकोत. मध्यमवर्गीय माणसाच्या घरापुढेही सरदारी थाट आला.

इथपर्यंत सगळं ठीक. कारण इंग्लंडचं हवामान लॉनसाठीच बनवल्यासारखं आहे. आता एक आकडा सांगतो. तो वाचल्यावर मी पुन्हा तपासला होता. लंडनला वर्षभरात पाऊस पडतो सुमारे ६०० मिलिमीटर. पुण्याला पडतो ७०० च्या आसपास. म्हणजे पुण्यात लंडनपेक्षा जास्त पाऊस! फरक आहे तो वाटणीत. लंडनचा पाऊस बाराही महिन्यांत थोडा थोडा, रिमझिम. आपला जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबरमध्ये, आणि मग पुढचे सात-आठ महिने कोरडे. त्यातले तीन भट्टीचे.

दुसरा फरक खुद्द गवतात. इंग्लंडच्या लॉनमधली गवतं (फेस्क्यू, बेंट, राय वगैरे) थंडीची. १५ ते २४ अंशांमध्ये ती खुशीत वाढतात. हरळी उन्हाळी गवत, ती २७ ते ३५ अंशांत जोर धरते. हा फरक नुसत्या सवयीचा नाही, आतल्या यंत्रणेचा आहे. हवेतला कार्बन पकडायची उन्हाळी गवतांची पद्धत वेगळी असते. हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर काम करताना ती उलगडून दाखवली. ऊस, मका, ज्वारी आणि हरळी या सगळ्या एकाच पठडीतल्या. कमी पाण्यात, कडक उन्हात जास्त काम करणाऱ्या. पण या पठडीला भरपूर ऊन लागतंच. आमच्या सावलीच्या पट्ट्याचं मरण तिथेच लिहिलेलं होतं. चूक क्रमांक एक: जागेला किती तास ऊन मिळतं हे न मोजता गवत लावणं. हरळीला दिवसाचे किमान सहा तास तरी उघडं ऊन हवं. आम्हाला भेटत होते जेमतेम दोन. पाणी, खत, माळी कितीही बदला, सूर्य कसा बदलणार?

आता हे लॉन आपल्याकडे आलं कसं? साहेबांबरोबर. बंगला आला तसं बंगल्यापुढे लॉन आलं, छावणी आली तशी जिमखान्याची हिरवळ आली. पुणेकरांनी विद्यापीठाची मुख्य इमारत पाहिली असेलच. ते आधी मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळ्यातलं निवासस्थान होतं. पावसाळ्यातलं, हे लक्षात ठेवा. गव्हर्नरसाहेब पुण्यात यायचे तेव्हा पुणं आपोआपच इंग्लंडसारखं हिरवं असायचं. पुणं मे महिन्यात कसं दिसतं याची फिकीर करायचं त्यांना कारण नव्हतं. ती फिकीर आपल्या वाट्याला आली.

तिकडे आग्र्यात लॉर्ड कर्झनने (१८९९ ते १९०५ या काळातला व्हाइसरॉय) ताजमहालाची डागडुजी केली. ते काम चांगलंच होतं, पण बागेतली दाट झाडी कमी होऊन तिथे इंग्रजी वळणाची मोकळी हिरवळ आली. मुघलांची बाग म्हणजे फळझाडं, फुलं, सावली आणि वाहतं पाणी. आज आपण ताजच्या फोटोत जे सपाट हिरवं बघतो, ते शाहजहानपेक्षा कर्झनच्या जास्त जवळचं आहे.

सगळे साहेब काही डोळे मिटून बसलेले नव्हते. फर्मिंजर नावाच्या पाद्र्याने बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानातल्या बागकामावर १८६४ मध्ये जाडजूड पुस्तक काढलं. आपल्या पुण्यात गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानात जॉर्ज मार्शल वुडरो नावाचे गृहस्थ होते. त्यांनीही इथल्या बागकामावर पुस्तक लिहिलं. इंग्लंडचे नियम इथे चालत नाहीत हे कळल्यामुळेच अशी वेगळी पुस्तकं लिहायची वेळ आली. हिंदुस्थानातल्या लॉनसाठी शेवटी निवडली गेली ती इथलीच हरळी. लावायची रीतही देशी: हरळीचे तुकडे करायचे, ते शेणमातीच्या काल्यात कालवायचे आणि तो काला जमिनीवर सारवायचा. घर सारवतात तसं लॉन सारवायचं!

आणि हरळी म्हणजे कोण? गणपतीला आपण एकवीसच्या जुड्या वाहतो त्या दूर्वा. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र महाहट्टी तण. एकदा शेतात शिरली की खोल नांगरून, वेचून, वाळवून जाळली तरी एखाद्या कांडीतून परत येते. अमेरिकेत हिलाच 'बर्म्युडा ग्रास' म्हणतात, खरं तर ती मूळची बर्म्युडाची नाहीच. तिकडे जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावात ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने तिचा आफ्रिकेतल्या एका बारीक गवताशी संकर करून गोल्फ कोर्सची प्रसिद्ध वाणं काढली. त्या वंशावळीतली गवतं आता भारी किमतीला परत विकायला येतात. बांधावरून उपटून फेकायची ती हरळी, आणि पिशवीत भरून आली की बर्म्युडा! असो.

पुढची चूक समजून घ्यायला मुंबईत जाऊ. कारण हिरवळीवरून आपल्याकडे खरोखरची लढाई झालेली आहे. एस्प्लनेडच्या मोठ्या मैदानावर पारशी आणि इतर देशी पोरं क्रिकेट खेळायची. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला. गोऱ्या साहेबांना पोलो खेळायची हुक्की आली आणि त्यांची घोडी त्याच मैदानावर, पोरांच्या क्रिकेटच्या जागेवर धावायला लागली. घोड्यांच्या टापांनी हिरवळीत खड्डे पडले. जमीन खडबडीत झाली. तिथे चेंडू कुठे उसळेल याचा नेम राहिना. जिमखान्याचं स्वतःचं क्रिकेटचं मैदान मात्र नीट राखलेलं. १८८१ मध्ये देशी क्रिकेटवाल्यांनी सह्या गोळा करून सरकारकडे अर्ज केला. पोलो हलवा, आम्हाला खेळू द्या, एवढंच मागणं. त्यानंतर पोलो गेला, परत आला, पुन्हा अर्ज झाले. बरीच वर्षं हे चाललं. शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी गृहस्थांनी १८९७ मध्ये या सगळ्या झगड्याची हकिकत पुस्तकात लिहून ठेवली, म्हणून आपल्याला ती कळते.

मला यात दोन गोष्टी दिसल्या. एक, हिरवळ कोणाची आणि कोणी तुडवायची हा प्रश्न कधीच साधा नव्हता. दोन, शुद्ध तांत्रिक: ओल्या जमिनीवर वजन पडलं की माती दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. आमच्याकडे घोडी नव्हती, पण बिल्डरने ट्रक फिरवून दाबलेला राडारोडा होता. त्यावर चार इंच लाल माती टाकून आम्ही कार्पेट अंथरलं. चूक क्रमांक दोन. वरचं गवत बघायचं आणि खालची माती विसरायची. हरळीची मुळं सैल जमिनीत तीन-चार फूट सहज जातात. आमच्याकडे चार इंचांखाली विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा होता.

तिसरी चूक पाण्याची. आमच्याकडे रोज संध्याकाळी वीस मिनिटं पाइप सोडायचे. मी एकदा बादली लावून मोजलं: मिनिटाला सुमारे १५ लिटर. म्हणजे रोज ३०० आणि आठवड्याला २१०० लिटर. लॉन साधारण ५६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. या हिशेबाने रोज मिळत होतं पाचेक मिलिमीटर. एवढ्याने वरची दीड-दोन इंच माती ओली होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुकते. गवताला कळतं, पाणी वरच मिळतंय. मग मुळं खाली कशाला जातील? आणि मे महिन्यात वरचा थर तापला की त्या उथळ मुळांचं जे व्हायचं ते होतं. शिवाय संध्याकाळी मारलेलं पाणी रात्रभर पात्यांवर राहतं आणि बुरशीला आमंत्रण देतं.

जाणकार सांगतात ते असं: आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, पहाटे, भरपूर पाणी द्या. एकूण साधारण एक इंच, कडक उन्हाळ्यात थोडं जास्त. आमच्या तुकड्याला एक इंच म्हणजे १४०० लिटर. म्हणजे पाणी कमी नव्हतं, वाटणी चुकत होती. आपल्याकडे शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी निकष आहे. आमचं लॉन रोज दोन माणसांहून जास्त पाणी पीत होतं, आणि तेही टँकरचं. रोज थोडं थोडं शिंपायची ही सवय म्हणजे लंडनच्या रिमझिमीची नक्कलच.

चौथी चूक कापण्याची. गवताचा वाढीचा कोंब शेंड्याला नसतो, जमिनीलगत असतो. म्हणून गाय वरून खाऊन गेली तरी गवत परत येतं. लॉन कापता येतं तेही याच कारणाने. पण पातं म्हणजे गवताचं स्वयंपाकघर. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापलं तर मुळांना अन्न पुरत नाही, ती आखडतात. आम्ही महिनाभर वाढू द्यायचो आणि मग कोणाचा वाढदिवस आला की मशीन एकदम खाली लावून भादरायचो. माळीकाका "एवढं खाली नको" म्हणायचे. आम्ही म्हणायचो, "काका, कार्पेट दिसलं पाहिजे."

पाचवी चूक खताची. गवत पिवळं पडलं की युरिया टाका, हा सल्ला कोणीतरी देतोच. युरियात ४६ टक्के नत्र असतं. एप्रिलच्या उन्हात तहानलेल्या गवतावर ते फेकणं म्हणजे उपाशी माणसाला मिठाच्या गोण्या देणं. वाढीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात, ओल असताना आणि थोडं थोडं द्यायचं. कंपोस्ट दिलं तर उत्तमच.

आणि सहावी चूक: गवताशिवाय दुसरं काहीही दिसलं की उपटायचं. ही मात्र इंग्लंडची नाही, अमेरिकेची देणगी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात २,४-डी नावाचं तणनाशक निघालं. ते रुंद पानांच्या वनस्पती मारतं, गवत सोडतं. तोवर अमेरिकेतल्या लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम मिसळायचे, कारण ते हवेतलं नत्र जमिनीत आणतं. म्हणजे फुकटचं खत. तणनाशकाने क्लोव्हरही मरायचं. मग हळूहळू क्लोव्हरलाच तण ठरवण्यात आलं! त्याच सुमारास, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहिलं. एकसारखी हजारो घरं, प्रत्येकापुढे लॉन, आणि ते दर आठवड्याला कापलंच पाहिजे असा नियम. हेच चित्र पुढे सिनेमांतून, मालिकांतून आणि शेवटी बिल्डरच्या ब्रोशरमधून आपल्यापर्यंत आलं. आमच्या ब्रोशरवरची हसरी मुलगी अनवाणी पायांनी पळत होती ती पुण्यातल्या गवतावर नव्हती, हे मला आता खात्रीने वाटतं.

एवढं वाचून झालं होतं. वाटलं, विषय संपला. पण गवताबद्दलचा खरा धडा मिळाला यंदाच्या होळीला, मोलगीत.

मोलगी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं बाजाराचं गाव. आमच्या टीममधला एक मित्र मूळचा त्या भागातला. मी धुळ्याचा. म्हणजे एके काळी आम्ही दोघे एकाच जिल्ह्याचे, कारण नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ मध्ये. तरी मी कधी देवगोईचा घाट चढून वर गेलो नव्हतो. मित्र म्हणाला, काठीची होळी बघायला चल. गेलो.

काठी संस्थानची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा पाहावी. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्ये रात्रभर नाचतात. दूरच्या जंगलातून आणलेला उंचच उंच बांबू खड्ड्यात उभा करतात आणि पहाटे होळी पेटते. मी बांबूकडे मान वर करून बघत होतो आणि डोक्यात अचानक आलं की हेसुद्धा गवतच. शास्त्राच्या भाषेत बांबू, ऊस, ज्वारी, हरळी एकाच कुळातले. आम्ही गवत दोन सेंटिमीटरवर कापून मिरवतो, आणि इथे जगातल्या सगळ्यात उंच गवताला आकाशाकडे उभं करून हजारो माणसं भोवती नाचतात.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या घरी जेवायला भगर होती. आपण उपवासाला खातो ना, तीच. मोलगीची भगर प्रसिद्ध आहे. सातपुड्याच्या उतारांवर ती पिकते. तिथे ती उपवासाची चैन नाही, रोजचं धान्य आहे. आणि भगर म्हणजे तरी काय? गवताचं बी.

जेवण झाल्यावर मित्राच्या वडिलांशी गप्पा झाल्या. अंगणात लाकडी माचावर वाळलेलं गवत रचून ठेवलेलं होतं. मी विषय काढला, "बाबा, गवत कधी कापता?"

"दसऱ्यानंतर. बी झडायला लागलं की."

"मुळापासून?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग जमिनीवर आडवा हात ठेवून चार बोटं दाखवली. "एवढं ठेवायचं. नाहीतर पुढच्या साली काय कापशील?"

मी एक तृतीयांशाचा नियम शोधायला तीन वीकएंड घालवले होते.

मग मित्राने हसत हसत सांगितलं, "बाबा, ह्यांच्या बिल्डिंगमध्ये पण गवत आहे. मशीनने कापतात. टँकरचं पाणी देतात."

बाबांना पटेना. "ढोरं किती आहेत तिथं?"

"ढोरं नाहीत, बाबा," मी म्हणालो.

"मग खातं कोण?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कापलेलं गवत आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकत होतो, हे काही माझ्याच्याने सांगवलं नाही.

परतताना घाटात दोन्ही बाजूंना डोंगर तपकिरी होते. मार्च महिना, सगळं वाळलेलं. कोणीही त्याला मेलेलं म्हणत नव्हतं. मित्राने कुसळी, मारवेल अशी नावं सांगितली. याच डोंगररांगांत रोशा गवत होतं. त्याला तिखाडीही म्हणतात. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटियरमध्ये रोशाच्या तेलाची नोंद आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात लोक भट्ट्या लावून हे तेल काढायचे. ते मुंबईला जायचं, तिथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे तुर्कस्तानात. तिथे त्याला 'तुर्की जिरेनियमचं तेल' असं नाव पडलं आणि ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई, कारण दोन्हींत जिरॅनिऑल नावाचं सुगंधी द्रव्य असतं. ज्या काळात साहेब आपल्या बंगल्यापुढे इंग्लंडची हिरवळ उगवायला धडपडत होते, त्याच काळात आमच्या खानदेशातलं रानगवत गुलाब म्हणून युरोपभर खपत होतं. शाळेत इतिहासाला धुळे जिल्ह्यातच होतो, पण हे कोणी शिकवलं नाही.

तर माझ्या मूळ कारणाच्या शोधाचा निष्कर्ष असा. लॉनच्या चुकांची यादी कितीही लांब केली तरी मूळ चूक एकच आहे: गवत बारा महिने हिरवंच हवं, हा हट्ट. हा हट्ट रिमझिम पावसाच्या देशात तयार झाला. तिथे तो फुकटात पुरा होतो. आपल्याकडे त्याची किंमत टँकरने मोजावी लागते, आणि ती मोजूनही पुरा झाला नाही की आपण माळ्याला काढून टाकतो. आपल्या गवताचं वर्ष वेगळं आहे. पावसात वाढायचं, दसऱ्याला बी टाकायचं, उन्हाळ्यात मुळांत जीव धरून पडून राहायचं. मोलगीत हे पोराटोरांना माहीत आहे. आमच्या सोसायटीत सोळा इंजिनियर आहेत, एकालाही माहीत नव्हतं. नाही, चुकलो. माळीकाकांना माहीत होतं. त्यांनी सांगितलंही होतं.

काकांना आम्ही गेल्या वर्षी सप्टेंबरमध्येच परत बोलावलं होतं, पण काहीच न बोलता, जणू काही झालंच नव्हतं. होळीहून आल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "काका, गेल्या वर्षी तुमचं बरोबर होतं, आमचं चुकलं." ते पाइप गुंडाळत होते. म्हणाले, "जाऊ द्या साहेब, चार महिने दुसरीकडे काम मिळालं होतं." मिळालं नसतं तर? हा प्रश्न मी विचारला नाही, त्यांनीही काढला नाही.

यंदा मेच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं आकड्यांसकट मांडलं. सावलीच्या पट्ट्यातलं लॉन काढून तिथे सावलीत जगणारी झुडपं लावायची ठरली. उन्हाच्या बाजूला कार्पेट नाही, हरळीच. खालचा राडारोडा उकरून माती सैल करायची, कंपोस्ट घालायचं. पाणी आठवड्यातून एकदा, पहाटे. आणि एप्रिल-मेमध्ये तपकिरी दिसलं तरी कोणी तक्रार करायची नाही. शेवटच्या मुद्द्यावर अर्धा तास वाद झाला. "पाहुणे काय म्हणतील?" हा आक्षेप दोघांनी घेतला. ल नोत्रच्या काळातही हाच आक्षेप असणार. ठराव तीन मतांनी पास झाला.

पावसाळा सुरू झालाय. हरळी पसरतेय. मशीनचं पातं काकांनी त्यांच्या हिशेबाने वर लावलंय. मी मोजलं नाही, पण चार बोटांच्या आसपास असेल. कापलेलं गवत आता कचऱ्याच्या गाडीत जात नाही. काकांच्या बहिणीकडे दोन शेळ्या आहेत, ते दर रविवारी सायकलला पोतं बांधून घेऊन जातात.

मित्राला सांगितलंय, बाबांना कळव म्हणून. खातं कोण, त्याचं उत्तर सापडलंय.